तीन वेढे जास्त

समृद्धी गोठणकर कामावरून घरी आली की आधी दारातच उभी राहते. चपला बाहेर, पिशवी बाहेर. मग सासूबाई आतून चिकटपट्टीचं रीळ घेऊन येतात. वीतभर तुकडा तोडून तो सुनेच्या बाह्यांवरून, ओढणीवरून, दहाही बोटांवरून दाबत नेतात आणि ट्यूबलाइटखाली धरून बघतात. काही चमकलं तर "हा बघ, निघाला एक," म्हणत कागदात गुंडाळून टाकतात. काहीच चमकलं नाही तर जास्त काळजी करतात, कारण मग तो एक अजून कुठेतरी आहे, असा त्यांचा हिशेब. ही तपासणी झाल्याशिवाय टिटवाळ्याच्या त्या दोन खोल्यांत समृद्धीला कणकेला हात लावायची परवानगी नाही. नऊ वर्षं हे असं चाललंय.

कारणही तसंच आहे. समृद्धी ऑप्टिकल फायबरचे जोड मारते. केबलच्या आत केसाएवढी बारीक काचेची तार असते. ती सोलायची, सरळ कापायची, दोन टोकं समोरासमोर आणून ठिणगीनं वितळवून एक करायची. कापताना जो तुकडा उडतो तो डोळ्यांना दिसत नाही, पण कातडीत शिरला की तीन दिवस ठणकतो. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात असा एक तुकडा सुदेशच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, तळहातात गेला होता. त्या दिवसापासून रीळ आलं. सासूबाई एकीकडे धास्तावलेल्या आणि दुसरीकडे इमारतभर सांगत सुटलेल्या, "आमची सून काच शिवते."

शिवते हे तितकंसं चूक नव्हतं. समृद्धीची आई कल्याणला ब्लाउज शिवायची, आणि समृद्धी तिच्या मशीनच्या पायाशी बसून सुईत दोरा ओवत मोठी झाली. आयटीआयमध्येही तिनं शिवणकामालाच नाव घातलेलं. तिथे एकदा केबलवाल्या कंपनीची माणसं आली. त्यांना न थरथरणारी बोटं हवी होती. इलेक्ट्रॉनिक्सची मुलं जोड मारताना श्वास सोडत होती आणि काच हलत होती. समृद्धीनं श्वास धरला. सुई ओवताना धरायची तसाच.

आईकडून ती आणखी एक गोष्ट घेऊन आली होती. आई ब्लाउजच्या आतल्या शिवणीत नेहमी जास्तीची माया सोडायची. मापाला अर्धा इंच म्हटलं तर ही पाऊण सोडणार. "बाई आज बारीक आहे म्हणून उद्या राहील होय? उसवायला जागा पाहिजे." गिऱ्हाइकाला हे आधी कधी सांगायची नाही. दोन वर्षांनी गिऱ्हाईक ब्लाउज घेऊन आलं की उसवून दाखवायची.

केबलचंही तसंच असतं. जमिनीत दर अर्ध्या किलोमीटरला सिमेंटचा चौकोनी खड्डा असतो, त्याला चेंबर म्हणतात. त्यात केबलचं वेटोळं करून जादा लांबी ठेवायची. पुढे कुणी रस्ता खणताना केबल तोडली तर जोडायला हाताशी असावी म्हणून. किती ठेवायची ते कंपनी ठरवते. ठेकेदार लोक त्यातही काटकसर करतात. आपल्या वाट्याला आलेली कितीतरी तुटकी टोकं समृद्धीनं पालथं पडून, मान वाकडी करून जोडली होती. चार मीटर केबल आधीच्या माणसानं जास्त सोडली असती तर काय बिघडलं असतं, असं म्हणत.

दीड वर्षापूर्वी तिला ठाण्याच्या एका लहान कंपनीचं काम मिळालं. टिटवाळ्याच्या बाजूच्या नदीपासून कल्याणकडे येणारी एक मोठी पाण्याची पाइपलाइन होती. तिच्याशेजारून बारा किलोमीटर फायबर टाकायचा होता. समृद्धीला वाटलं, नेहमीसारखं इंटरनेटचं असेल. जोड तपासायला आलेल्या इंजिनिअरला, सलिलला, तिनं विचारलं, "सर, याच्यावर कुणाचं नेट चालणार? इथे तर माणसं पण नाहीत."

"नेट नाही ताई. हा फायबर ऐकणार आहे."

"काय ऐकणार?"

"पाइप."

सलिल सत्तावीस-अठ्ठावीसचा, कुणी विचारलं की खुलणारा. चेंबरच्या कडेला बसून त्यानं सांगितलं. एका टोकाकडून प्रकाशाची ठिणगी आत सोडायची, सेकंदाला हजारदा. काच कितीही स्वच्छ असली तरी जागोजागी किंचित प्रकाश मागे उसळतो. जमीन थरथरली, की तिथली काच इवलीशी ताणली जाते आणि तिथून परतणारा प्रकाश बदलतो. तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून जागा कळते. सेन्सर वगैरे वेगळं काही बसवायचंच नाही. अख्खी तारच कान.

"म्हणजे बारा किलोमीटर लांब कान?"

"हो. मीटरामीटराला एक."

"आणि पाणी गळलं तर त्याचा आवाज येतो?"

"सूं असा. सतत. माणूस चालला, ट्रक गेला, कुणी खणायला लागलं, सगळं वेगवेगळं दिसतं. शिकलं की ओळखता येतं."

त्या दिवशी समृद्धी घरी आली आणि रात्रीच्या भाकऱ्या करताना तिला नवीनच चाळा लागला. ओट्यावर बोट ठेवून बघायचं. सासूबाई पाटा धुतात ते बोटाला कळतं का? शेजारच्यांचा मिक्सर? सासूबाई म्हणाल्या, "ओट्याला ताप आलाय का?"

सलिल मात्र तिचे प्रश्न विसरला नाही. कंपनीच्या कोपरीच्या ऑफिसात पडद्यासमोर बसून आवाज ओळखणाऱ्या माणसांची जागा निघणार होती. त्या जागेसाठीच्या नावांचं पत्र साहेबांच्या टेबलावर आहे आणि त्यात तुमचंही नाव आहे, असं त्यानं मार्चमध्ये सांगितलं. खड्ड्यातून खुर्चीत. समृद्धीला खुर्चीचं तेवढं नव्हतं. आपण शिवलेला तो लांबलचक कान काय काय ऐकतो, हे तिला एकदा बघायचं होतं.

एप्रिलमध्ये यंत्रानं पहिला इशारा दिला. नऊ किलोमीटर तीनशे दहा मीटर, गळती. जागा काढली तर ती निघाली हौसाबाईंच्या भाजीच्या वाफ्यात. अठराव्या चेंबरच्या पुढे पाइपलाइनच्या कडेची पट्टी ही सत्तरीची बाई कित्येक वर्षं कसत होती. भेंडी, गवार आणि पडवळाचा एक मांडव. डाव्या गुडघ्यात वात, तरी दिवसभर वाफ्यात. जेसीबी आला, मांडव आडवा झाला, दोन मीटर खोल खड्डा झाला. आत पाइप कोरडाठाक, नवा दिसावा असा.

समृद्धी केबल सांभाळायला तिथे उभी होती. हौसाबाई पडवळाचे वेल गोळा करत होत्या.

"काय गो बाय," त्या म्हणाल्या, "तुमच्या मशीनच्या कानात कापसाचा बोला हाय काय? पानी कुठं हाय आन् खनताव कुठं!"

"मावशी, तुम्हाला माहीत आहे का पाणी कुठे आहे?"

"मना काय म्हाईत? मी काय मशीन हाय?" असं म्हणून त्या पाठ फिरवून बसल्या.

दोन दिवसांनी समृद्धीला कोपरीच्या ऑफिसात बोलावलं. यंत्राची जोडणी तपासायची होती. ऑफिस पहिल्या मजल्यावर आणि खाली पिठाची गिरणी. गिरणी सुरू झाली की जमीन गुणगुणते. सलिल उदास होता. "ताई, तुमचे जोड उत्तम आहेत. पण जागा चुकतेय. पुढच्या आठवड्यात यंत्र ज्यांच्याकडून आणलं त्यांना परत पाठवतोय. साहेब म्हणतात, चाचणी फसली."

"एकदा बघू का मी?"

त्यानं खुर्ची सरकवली. पडद्यावर आडवं अंतर, वरून खाली सरकणारा वेळ. तिरपी जाड रेघ म्हणजे ट्रक, कारण तो जागा बदलत जातो. तिरपे ठिपके म्हणजे चालणारा माणूस. एका जागी उभी, न हलणारी पुसट पट्टी म्हणजे तीच गळती. समृद्धी नाक पडद्याला लागेल इतकी जवळ गेली. जमिनीखाली सगळा रस्ताच वाहत होता.

"आणि ह्या शांत पट्ट्या? ठरावीक अंतरावर आहेत त्या."

"ती तुमची चेंबरं. वेटोळं खड्ड्यात लोंबकळतं, जमिनीला चिकटलेलं नसतं ना, म्हणून तिथे काही ऐकू येत नाही. दर चेंबरला तेवढे वीस मीटर आपण अंतरातून वजा करतो."

वीस. समृद्धीनं पडद्यावर बोट ठेवलं. सातव्या चेंबरची शांत पट्टी. खाली मीटरचे आकडे होते. तिनं सुरुवात वाचली, शेवट वाचला आणि मनात वजाबाकी केली. मग आठव्याची. मग बाराव्याची. पहिल्या तीन चेंबरांची पट्टी चोख वीस होती. ती तिच्या आधीच्या टोळीनं केलेली. चौथ्यापासून पुढे एकोणतीस, तीस, तीस, एकोणतीस.

खालची गिरणी थांबली. कुणीतरी डबा ठेवला, झाकण वाजलं.

प्रत्येक वेटोळ्यात तीन वेढे जास्त. एक वेढा तीन मीटरहून किंचित मोठा. माणसं केबल ओढत असताना तीच म्हणायची, "अजून तीन घाला, असू द्या." आणि चेंबर बंद झाल्यावर फॉर्मवर सही करायची. फॉर्मवर 'वेटोळे: २० मी.' असं आधीच छापलेलं होतं. एकवीस फॉर्म, एकवीस सह्या.

हे फक्त तिलाच कळलं होतं. गप्प बसलं असतं तर यंत्र खोक्यात भरून परत गेलं असतं, दोष यंत्राचा ठरला असता आणि पत्रातलं नाव तसंच राहिलं असतं. पण मग पडदाच नसता. हा कान पुन्हा मुका झाला असता आणि ती उभी पुसट पट्टी नक्की कुठली, हे कुणालाच कधी कळलं नसतं. समृद्धीला ते सहन होईना. तिला ते कळायला हवं होतं, आत्ताच.

"सर, हे वीस नाहीयेत."

"कुठले?"

"मोजा ना. इथनं इथपर्यंत."

सलिलनं मोजलं. "एकोणतीस? नाही, ते सिग्नल थोडा पसरत असेल..."

"पसरत नाहीये. माझे वेढे आहेत ते. चौथ्यापासून प्रत्येक चेंबरला तीन जास्त टाकलेत मी. फॉर्मवर वीस आहे, पण आत एकोणतीस आहेत."

सलिलनं पेन उघडलं. मग कागद ओढून आकडे मांडायला लागला. चौथ्या चेंबरपासून अठराव्यापर्यंत पंधरा चेंबरं. प्रत्येकी साडेनऊ धरले तर एकशे बेचाळीस मीटर. "म्हणजे वेढ्यांतली केबल आपण रस्ता म्हणून मोजली आणि एकशे चाळीस मीटर पुढे खणलं. अहो ताई! आम्ही पण सुरुवातीच्या तीन चेंबरांपाशीच जमीन ठोकून जागा ताडून पाहिली होती. बरोबर आली, म्हटलं पुढे काय बघायचं." त्याचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "पण हे साहेबांना सांगावं लागणार."

साहेब म्हणजे त्र्यंबकराव. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, शर्टाच्या खिशात तीन पेनं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"बाई, जमिनीत एक आणि कागदावर दुसरं, ही कुठली पद्धत?"

"वीस पुरत नाहीत साहेब. केबल तुटली की जोडणाऱ्याचे हाल होतात."

"पुरत नाहीत तर सांगायचं होतंत."

"फॉर्मवर लिहायला जागाच नाही. आकडा छापलेलाच आहे, खाली नुसती सही."

त्र्यंबकरावांनी एक फॉर्म मागवून बघितला. जागा खरंच नव्हती. तो फॉर्म त्यांनीच केलेला होता, त्यामुळे ते जरा जास्तच रागावले. "आधी ठोकून जागा सिद्ध करा. मग एकूण एक चेंबर उघडून खरा आकडा आणा. तोपर्यंत ते पत्र माझ्या टेबलावरून हलणार नाही. कदाचित त्यातलं नाव हलेल."

ठोकायचा मोठा हातोडा दुसऱ्या कामावर गेलेला होता. समृद्धीनं घरी येऊन पलंगाखालून सासूबाईंचं मुसळ काढलं. कोकणातून आणलेलं, खाली लोखंडी कड्याची वसवी असलेलं.

"हे कुठे चाललं?" सासूबाईंनी दार अडवलं.

"जमीन कांडायला. काचेला ऐकू येतं का बघायचंय."

"काचेला!" सासूबाई सुदेशकडे वळल्या. "तू बोल काहीतरी."

सुदेश मोबाइलवरून मान न उचलता म्हणाला, "जपून ने. जड आहे."

"परत आणशील तेव्हा त्याला पण पट्टी लावल्याशिवाय आत घेणार नाही," सासूबाईंनी बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला समृद्धी अठराव्या चेंबरपाशी, फोन कानाला. सलिल कोपरीत, पडद्यापुढे. पाच ठोके, थांबायचं, मग तीन, म्हणजे दुसऱ्या कशाशी घोटाळा नको. धप्, धप्.

"दिसलं!" सलिल ओरडला. "बरोबर एकशे बेचाळीसनं पुढे दाखवतंय!"

हौसाबाई मोडक्या मांडवाला बांबू बांधत होत्या. त्या लंगडत आल्या. "काय गो, धरनीला कांडतेस? भात हाय का त्या?"

"मावशी, त्या दिवशी जागा चुकली. चूक माझी होती, मशीनची नाही. तुमचा मांडव माझ्यामुळे गेला."

हौसाबाईंनी तिला वरून खाली बघितलं. असं कुणी येऊन सांगेल याची त्यांना सवय नसावी. "बरा," एवढंच म्हणाल्या. पण समृद्धी त्या चुकीच्या खड्ड्यापासून टेप धरून मागे, चेंबरच्या दिशेनं मोजत निघाली तशा त्या घाईनं तिच्या मागे आल्या. "तिकरं काय नाय गो. तिकरं खनू नको. मी सांगते ना, काय नाय."

एकशे बेचाळीस मीटरवर टेप थांबली. समोर गुडघाभर अळू माजला होता. एप्रिलचा शेवट, आजूबाजूला गवताची काडी हिरवी नव्हती. ना नळ, ना पाट. आणि पानं मात्र ताटाएवढी, काळ्या देठांची.

"मावशी, याला पाणी कोण घालतं?"

"देव घालतंय," हौसाबाई म्हणाल्या आणि दुसरीकडे बघायला लागल्या.

समृद्धी हसली. मग हौसाबाईंनाही हसू आवरेना. "दोन वर्सां झाली," त्या तोंडावर पदर घेऊन म्हणाल्या. "देवलाच्या बाजारात माझ्यासारका अळू कुनाकडं नाय. तुमी मांडव मोरला तवा मी बोलनार होती. मंग म्हटला, मांडव तर गेलाच, अळू कशाला घालवू?"

दुसऱ्या दिवशी तिथे दीड मीटरवरच चिखल लागला. पाइपच्या सांध्याचं रबर झिजलं होतं आणि करंगळीएवढी धार शांतपणे अळवाच्या मुळांना जात होती. सलिल स्वतः आला होता. त्यानं खड्ड्यात उतरून त्या धारेला हात लावला आणि म्हणाला, "हीच ती पट्टी, ताई." हौसाबाईंनी आधीच सगळा अळू कापून जुड्या बांधून ठेवल्या होत्या.

पुढचा महिना समृद्धीनं चेंबरं उघडण्यात घालवला. चौथं, पाचवं, सहावं. झाकण उचलायचं, केबलवर छापलेले मीटरचे आकडे वेटोळ्याच्या दोन्ही टोकांना वाचायचे, लिहायचे, मग मुसळ. सलिल तिकडून ऐकणार, आकडा जुळवणार. एकोणिसावं राहिलं शेवटी, कारण तिथला रस्ता खणलेल्या मातीनं बंद होता. त्या दिवशी समृद्धी म्हणाली, "सर, आज तुम्ही कांडा. मी ऐकते."

ती कोपरीत बसली. पडद्यावर सलिलचे ठोके उमटले. पहिले दोन जोरात, मग ढिले. कधी कांडलं नव्हतं बिचाऱ्यानं. आकडा जुळला. समृद्धी फोन ठेवणार, तेवढ्यात तिला मागच्या बाजूनं ठिपके येताना दिसले. एक ठळक, एक फिकट, एक ठळक, एक फिकट. सावकाश.

"सर, थांबा जरा. हौसामावशी येतायत तुमच्याकडे. पन्नास मीटरवर आहेत."

"मला तर कोणी दिस... अरे हो! तुम्हाला कसं कळलं?"

"डाव्या पायावर भार देत नाहीत त्या."

फोनमधून हौसाबाईंचा आवाज आला, "इचार तिला, मना नवीन अळू लावाला पानी कोन देनार ता?"

त्र्यंबकराव मागे येऊन कधी उभे राहिले होते कोण जाणे. "हे यंत्र सांगतं? गुडघा वगैरे?"

"यंत्र ठिपके दाखवतं साहेब. गुडघा मला माहीत आहे."

ते आत गेले आणि एक कागद घेऊन आले. तोच फॉर्म, फक्त 'वेटोळे' या शब्दापुढे आता रिकामी चौकट होती. "एकवीस भरा. खरे. आणि ती खुर्ची वर करून घ्या. रोज असं मान खाली घालून बसलात तर दुखेल."

"रोज?"

"मग काय, गुडघे ओळखायला आम्ही शिकायचं?"

त्या संध्याकाळी समृद्धी घरी आली. चपला बाहेर, पिशवी बाहेर. सासूबाईंनी पट्टीचा तुकडा बाह्यांवरून, ओढणीवरून, दहाही बोटांवरून दाबत नेला आणि ट्यूबलाइटखाली धरला. उलटा करून धरला. चष्मा लावून पुन्हा बघितला.

"एक पण नाही," त्या संशयानं म्हणाल्या. "कामावरच गेली होतीस ना?"